खेड्यातला डॉक्टर : पाठवायचा की टिकवायचा?

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचा डॉक्टरांशी काय संबंध? संबंध एवढाच, की ‘डॉक्टर खेड्यात जात नाहीत’ हे वाक्य मी पन्नासेक वर्षं ऐकत आलो आहे. आणि ज्या वाक्यावर सगळ्यांचं एकमत असतं ते एकदा उलटून पाहावं, ही आमच्या विषयाची जुनी खोड आहे.

त्यासाठी आपल्या सातारा-सांगलीइतकी सोयीची जागा नाही. तसं पाहिलं तर हे दोन जिल्हे एकाच अंगाचे. संस्थानं विलीन झाली तेव्हा, १९४९ साली, जुन्या साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि आजूबाजूचा संस्थानी मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. या मुलखात मिरज आहे. गल्लीबोळांतून दवाखाने, आणि कर्नाटकातूनसुद्धा रोगी तिथे येतात. याच मुलखात जत, आटपाडी, माण, खटाव हा दुष्काळी पट्टाही आहे. पश्चिमेला पाटण, जावळी आहेत. तापोळ्याच्या पुढची काही गावं तर अशी, की कोयनेचं पाणी लाँचने ओलांडल्याशिवाय रस्ताच नाही. मिरजेत डॉक्टरांची दाटी आणि जतेत वानवा. अंतर काही तासांचं. मग डॉक्टर कमी आहेत म्हणून खेडी रिकामी राहिली, हे म्हणणं निदान इथे तरी पुरत नाही.

मिरजेपासूनच सुरुवात करू. विल्यम वॉन्लेस हा कॅनडात जन्मलेला तरुण डॉक्टर १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इकडे आला. आधी सांगलीत छोटा दवाखाना चालवला, मग मिरजेला गेला, आणि १८९४ मध्ये तिथलं रुग्णालय उघडलं. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, ते लपवायचं कारण नाही. पण मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. परदेशातून डॉक्टर मागवून हा मुलूख भरणार नाही हे वॉन्लेसच्या फार लवकर लक्षात आलं. रुग्णालय उघडून तीनेक वर्षं होत नाहीत तोच त्याने इथल्याच काही मुलांना हाताशी धरून शिकवायला घेतलं. त्यातून पुढे मिरजेची वैद्यकीय शाळा उभी राहिली. तिथे शिकलेली माणसं ठिकठिकाणच्या मिशन दवाखान्यांत गेली. ती टिकली, कारण अडचण आली तर कोणाला कळवायचं आणि रोगी कुठे पाठवायचा हे त्यांना ठाऊक होतं. पाठीशी मिरज होती. आगगाडीचं जंक्शन असल्यामुळे मिरज गाठताही येत होती.

आता ‘लायसेन्शिएट’ या मंडळींकडे येतो. जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या गोष्टीतला हा विसरलेला माणूस आहे. तुमच्यापैकी ज्यांचं वय माझ्याएवढं आहे त्यांनी तालुक्याच्या गावी ‘एल.सी.पी.एस.’ अशा पाट्या पाहिल्या असतील. मुंबईचं कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स १९१२ मध्ये स्थापन झालं, त्याची ही परीक्षा. एम.बी.बी.एस.पेक्षा लहान अभ्यासक्रम, कमी खर्च, आणि शिक्षण मेडिकल कॉलेजात नव्हे तर मेडिकल स्कूलमध्ये. पुण्याचं बी. जे. हे १८७८ पासून असंच मेडिकल स्कूल होतं. ही माणसं काही संत नव्हती. बहुतेकजण वाडीवस्तीवर न जाता बाजाराच्या गावी बसले. पण ते बसले, हे महत्त्वाचं. देशाची आरोग्यव्यवस्था कशी असावी हे ठरवायला सर जोसेफ भोर यांची समिती १९४३ मध्ये नेमली गेली. तिच्या हिशोबात देशात सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यातले जवळजवळ ३०,००० लायसेन्शिएट होते. म्हणजे देशाचा डॉक्टर मुख्यतः हाच होता.

भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला आणि हा वर्ग बंद करावा, एकाच दर्जाचा ‘मूलभूत डॉक्टर’ तयार करावा असं सुचवलं. कारण पटण्यासारखं होतं. शहराला पहिल्या प्रतीचा डॉक्टर आणि खेड्याला दुसऱ्या प्रतीचा, हे स्वतंत्र देशाला शोभत नाही. समितीतल्या काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवलं. माणसं इतकी कमी असताना हा वर्ग निदान काही काळ चालू ठेवा, असं त्यांचं म्हणणं. ते मागे पडलं. पुण्याचं बी. जे. स्कूल त्याच वर्षी कॉलेज झालं, आणि हळूहळू देशभर शाळा बंद पडल्या किंवा कॉलेजं झाल्या.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी हे उदाहरण वापरत असे. समतेच्या तत्त्वावर घेतलेला निर्णय विषमता वाढवू शकतो का? खेड्याला कमी दर्जाचा डॉक्टर नको हे तत्त्व बरोबर. पण त्याचं व्यवहारातलं रूप ‘मग कोणताच नको’ असं झालं तर? मुलं हुशारीने उत्तर द्यायची, की तत्त्व बरोबर होतं, अंमलबजावणी चुकली. मला ते उत्तर कधीच पुरेसं वाटलं नाही. भोर समितीने केवळ पदवी एक करायला सांगितलं नव्हतं. चाळीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यात दोन डॉक्टर, नर्स, दाई, आणि वर मोठ्या रुग्णालयांची उतरंड असं सगळं मांडलं होतं. आपण त्यातली पदवी लगेच उचलली आणि उतरंड सावकाश, हप्त्याहप्त्याने बांधली.

मधल्या काळात एक छोटी योजना होती, तिची आठवण आता कोणाला नाही. सरकारी अनुदानावरचे वैद्यकीय व्यावसायिक. मद्रास इलाख्यात १९२० च्या दशकात ही कल्पना आली, आपल्याकडेही ती राबवली गेली आणि जिल्हा परिषदांच्या काळापर्यंत काही ठिकाणी अशी केंद्रं होती. डॉक्टरने ठरलेल्या गावी राहायचं, गरिबांना मोफत तपासायचं, बदल्यात त्याला दरमहा ठरावीक रक्कम मिळायची, आणि बाकी प्रॅक्टिस त्याची त्याला मोकळी. रक्कम तुटपुंजी असल्यामुळे योजना कधी फोफावली नाही. पण तिच्यामागचा विचार शहाणपणाचा होता. खेड्यातल्या डॉक्टरची खरी अडचण पैसे कमी मिळतात ही नसून ते कधी मिळतील याचा भरवसा नसतो ही आहे. उसाचं बिल आलं की उधारी फिटणार, आणि पाऊस हुकला की डॉक्टरचंही वर्ष हुकलं.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि आरोग्य केंद्रं त्यांच्याकडे गेली. त्याच साली मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, सुरुवातीला वॉन्लेस रुग्णालयाच्याच आधाराने. आता कॉलेज आणि खेडी एका जिल्ह्यात आली, तेव्हा जोडणी व्हायला हवी होती. १९७५ च्या श्रीवास्तव समितीनंतर प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला तीन आरोग्य केंद्रं जोडायची योजनाही केंद्राने आणली. कागदावर उत्तम. पण त्याच सुमारास आणीबाणी आली आणि नसबंदीची उद्दिष्टं आली. आरोग्य केंद्रातला डॉक्टर लोकांच्या नजरेत उपचार करणारा न राहता ‘केस’ गोळा करणारा झाला. हे लोकांनी विसरायला फार वर्षं लागली. अजूनही त्याच्या दिवसाचा मोठा भाग अहवाल, बैठका, शिबिरं आणि शवविच्छेदन यांतच जातो. तपासणी उरलेल्या वेळात.

आणि १९८३. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील, म्हणजे सांगलीचेच. त्यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली. १९८४ मध्ये कराडला कृष्णा महाविद्यालय निघालं. सहकारातून उभं राहिलेलं नेतृत्व शिक्षणाकडे वळलं. हे बोललं की श्रोत्यांतून कोणीतरी म्हणतंच, की सर, आमच्या वडिलांचं ऑपरेशन तिथे झालं, नाहीतर पुण्याला न्यावं लागलं असतं. खरं आहे. कराडला मोठं रुग्णालय असणं ही या खोऱ्याची कमाई आहे, मी ती नाकारत नाही. पण लाखांनी फी भरून झालेल्या डॉक्टरने ढेबेवाडीच्या खोऱ्यात खोकल्याचे रोगी तपासत बसावं, अशी अपेक्षा करायला आपल्याला काय तोंड आहे? त्याच्या वडिलांनी जमीन विकली असेल. आपण त्याला सेवाभाव शिकवायला जातो.

सरकारी महाविद्यालयातल्या मुलांसाठी बंधपत्र आहे. एम.बी.बी.एस. झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा, नाहीतर दंड. महाराष्ट्रात तो दंड अनेक वर्षं १० लाख रुपये होता, पदव्युत्तरांसाठी ५० लाख. माझा आक्षेप दंडाच्या आकड्याला नाही, या व्यवहाराच्या जातीला आहे. वचन मोडलं तर किती द्यायचे हे आधीच छापलं असेल, तर ते वचन राहत नाही, तो दर होतो. ज्याच्याकडे पैसे आहेत तो दर चुकता करतो. ज्याच्याकडे नाहीत तो वर्ष काढतो, आणि त्या वर्षात खेडं म्हणजे शिक्षा हे मनात पक्कं करून परततो. खेड्यातल्या माणसालाही ते कळतं. समोरचा डॉक्टर दिवस मोजतो आहे हे रोग्याला नाडी न बघता समजतं.

मग खेडी सांभाळतं कोण? बहुतेक ठिकाणी बी.ए.एम.एस. झालेला डॉक्टर. साताऱ्याला ‘आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय’ आहे. नावातच आर्य आणि आंग्ल एकत्र नांदतात. पुस्तकी वाद सुटण्याआधीच आपल्या लोकांनी व्यवहार जमवला होता! मुंबई इलाख्यात १९३८ च्या कायद्याने वैद्य-हकिमांची नोंदणी सुरू झाली. पुढे नियम बदलत गेले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि आज प्राथमिक आरोग्य केंद्रातसुद्धा बी.ए.एम.एस. वैद्यकीय अधिकारी असतात. लायसेन्शिएट बंद करून आपण जी जागा मोकळी केली ती या मंडळींनी भरली. फरक असा, की लायसेन्शिएटला निदान जे करायचं तेच शिकवलं होतं. यांना शिकवलं एक आणि करायला लागतं दुसरं.

इथे एका अभ्यासाचा उल्लेख करतो. १९९० च्या दशकात डॉ. अनंत फडके यांनी आपल्या सातारा जिल्ह्यातच औषधांचा पुरवठा आणि वापर तपासला. सरकारी दवाखान्यात औषधं गरजेपेक्षा कमी, आणि खाजगीत विनाकारण इंजेक्शनं, नको ती औषधं, असं चित्र निघालं. वर्तमानपत्रं अशा वेळी डॉक्टरांना लुटारू ठरवतात. मला त्यात एकटेपणाही दिसतो. पदवी घेऊन गावात बसलेल्या माणसाकडे पुढची तीस वर्षं नवीन माहिती घेऊन नियमाने कोण येतं? औषध कंपनीचा प्रतिनिधी. दुसरं कोणीच येत नाही.

आता थोडं लांब जाऊ. स्कॉटलंडच्या उत्तरेकडचा डोंगराळ भाग आणि बेटं. १९१२ मध्ये सर जॉन ड्युअर यांच्या समितीने तिथली परिस्थिती पाहिली. (हो, तेच व्हिस्कीवाले घराणं.) गरीब शेतकरी, विखुरलेली वस्ती, होडीशिवाय गत नाही. अगदी आपल्या तापोळ्यासारखं. तिथल्या डॉक्टरांची कमाई अनिश्चित, राहायला धड घर नाही, सुट्टी माहीत नाही. १९१३ मध्ये सरकारने त्या भागासाठी स्वतंत्र वैद्यकीय सेवा काढली. डॉक्टरला किमान उत्पन्नाची हमी दिली. प्रवासाचा खर्च सरकारने उचलला, म्हणजे लांबच्या रोग्याला जवळच्यापेक्षा जास्त फी पडू नये. घरं दिली, नर्स दिल्या, आणि डॉक्टर सुट्टीवर किंवा शिकायला गेला तर बदली डॉक्टरची सोय केली. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा यायला अजून पस्तीस वर्षं होती. आणि गंमत पाहा, त्याच साम्राज्याच्या मुंबई इलाख्यात त्याच वर्षांत एल.सी.पी.एस.ची परीक्षा सुरू होत होती. तिकडे डॉक्टरला आधार देण्याचा विचार झाला, इकडे फक्त डॉक्टर तयार करण्याचा.

या यादीत फार पैशाचं असं काही नाही. ऊस कारखाने, दूध संघ, पतसंस्था चालवणाऱ्या या दोन जिल्ह्यांना तालुक्यामागे दोन बदली डॉक्टर पदरी ठेवणं अवघड आहे, असं मला वाटत नाही. राहण्याजोगं घर, नवराबायको दोघांना जवळपास काम, मुलांना शाळा, आणि महिन्यातून एक दिवस मिरजेच्या किंवा कराडच्या विभागात जाऊन आपल्या अडलेल्या रोग्यांबद्दल बोलायची सोय. हे मागितल्यावर ‘लाड’ म्हणणारे लोक तहसीलदाराच्या बंगल्याला लाड म्हणत नाहीत.

साताऱ्याला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे, २०२१-२२ पासूनचं. तिथल्या काही मुलामुलींशी मध्यंतरी गप्पा झाल्या. मी विचारलं, दहिवडीला जाल का? पगार किती, असं विचारतील अशी माझी अपेक्षा होती. एक मुलगी म्हणाली, “जाईन सर, पण रात्री दोन वाजता बाळंतपण अडलं तर मी फोन कोणाला करायचा?” मी तिला नंबर देऊ शकलो नाही. सभागृहात जिल्हा परिषदेचे कोणी आजी-माजी सदस्य असतील तर त्यांनी प्रश्नोत्तरांची सुरुवात करावी.