‘उन्मत्त’ आणि ‘जड’ : दायविभागांतील एक भेद

धर्मशास्त्रांतील दायविभागाच्या प्रकरणांत ‘उन्मत्त’ व ‘जड’ हे शब्द जवळजवळ येतात. त्यामुळें ते समानार्थक समजले जातात. विज्ञानेश्वरानें मात्र त्यांत स्पष्ट भेद केला आहे. कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या (इ. स. १०७६–११२६) कारकीर्दींत रचलेल्या मिताक्षरेंत उन्मादाचीं कारणें वात, पित्त, कफ, सन्निपात व ग्रहावेश अशीं दिलीं आहेत. जडाचें असें एकहि कारण दिलेलें नाहीं. ज्याचें अंतःकरण विकल असून ज्यास हिताहित ठरवितां येत नाहीं तो जड, एवढेंच म्हटलें आहे. म्हणजे उन्मत्त ओळखावयाचा रोगावरून, जड असमर्थतेवरून.

याज्ञवल्क्यस्मृतीनें दोघांसहि दायास अपात्र ठरविलें. परंतु त्यांचें भरणपोषण आवश्यक मानून त्यांच्या निर्दोष पुत्रांस अंश दिला. मिताक्षरेप्रमाणें दोष विभागापूर्वींचा असेल तरच अंश जातो. आणि औषधादिकांनीं दोष गेल्यास विभागानंतरहि तो मिळतो. ही सवलत उन्मत्तास उपयोगी पडण्यासारखी होती. जन्मतः जड असणारास तिचा लाभ होणें कठीणच.

इंग्रजी अमदानींत १९१२ च्या ल्युनसी अ‍ॅक्टानें ‘ल्युनॅटिक’ या एकाच संज्ञेंत ‘इडियट’ घालून हा भेद पुसला. १९२८ च्या कायद्यानें मिताक्षरेच्या प्रदेशांत अंध, बधिर, पंगु इत्यादिकांची अपात्रता काढली, परंतु जन्मापासून वेड्या व जड माणसांची कायम ठेवली. ती १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें गेली. पुढें १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मतिमंदत्व मनोरोगाच्या व्याख्येंतून वगळलें; २०१७ च्या कायद्यानेंहि तेंच धोरण राखलें. वैद्यहि आज केवळ बुद्ध्यंक न पाहतां नित्य व्यवहारांतील सामर्थ्य पाहतात. मिताक्षरेची कसोटीहि सामर्थ्याचीच होती. मात्र तिचा उपयोग अंश नाकारण्याकडे झाला, आजचा साहाय्य ठरविण्याकडे होतो.

संग्राहकांस एवढीच सूचना करावीशी वाटते. एखाद्या विभागपत्रांत कोणास अंशाऐवजीं केवळ अन्नवस्त्र लावून दिलेलें आढळल्यास त्यावरून लागलीच ‘वेडा’ असें टिपण करूं नये. अन्नवस्त्राची तजवीज विधवांसहि असे. कारण नोंदलेलें असल्यास मूळचा शब्द जसाच्या तसा उतरून घ्यावा. कारण गेलेला हक्क परत येण्यासारखा होता कीं नाहीं, याचा उलगडा त्या एका शब्दावरूनच होण्याचा संभव आहे.