घ्राणदोष, विषाणुसंसर्गोत्तर

सर्दी, फ्लू, कोविड अशा श्वसनमार्गाच्या विषाणुसंसर्गातून बरे झाल्यावरही वासाची जाणीव कमी होणे, नाहीशी होणे किंवा बिघडणे. नाक चोंदल्याने तात्पुरता वास जातो, तो प्रकार यात मोडत नाही. येथे नाक मोकळे असते. रुग्ण बहुधा ‘तोंडाला चव नाही’ म्हणून येतो, पण जिभेवर मीठ-साखर ठेवली तर अचूक ओळखतो.

कारण : नाकपोकळीच्या छताशी असलेल्या गंधपटलात वास टिपणाऱ्या चेतापेशी व त्यांना सांभाळणाऱ्या आधारपेशी असतात. कोविडचा विषाणू मुख्यतः आधारपेशींत शिरतो. त्याला लागणारे एसीई-२ ग्राही त्यांच्यावर असते. गंधचेतापेशी आयुष्यभर नव्याने तयार होतात, त्यामुळे बहुतेकांना काही आठवड्यांत पुन्हा वास येऊ लागतो. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने वास वा चव जाणे हे जून २०२० मध्ये कोविडच्या लक्षणांत धरले.

गंधविपर्यास : परतलेला वास पुष्कळदा भलताच असतो. आजारानंतर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, कॉफी, अंडी, भाजलेले मांस, लसूण, परतलेला कांदा यांना करपट किंवा सडका दर्प येऊ लागतो. फोडणी पडताच रुग्ण स्वयंपाकघराबाहेर पळतो, जेवण दहीभातावर येते, वजन उतरते. घरच्यांना ही थेरे वाटतात. कॉफीतील २-फ्युरानमिथेनथायॉल हे गंधकयुक्त संयुग अनेकांत हा त्रास चेतवते. चेतापेशी सावरत असल्याची ही खूण असावी, असे बरेच तज्ज्ञ मानतात.

उपचार : मुख्य भर गंधप्रशिक्षणावर. ड्रेस्डेनचे टोमास हुमेल व सहकारी यांनी २००९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत गुलाब, निलगिरी, लिंबू व लवंग हे चार वास दिवसातून दोनदा, १२ आठवडे लक्षपूर्वक हुंगायचे असतात. फायदा सर्वांना सारखा होत नाही. मध्येच सोडणारेही पुष्कळ. स्टेरॉइडांबाबत मतभेद आहेत. नाकात घालायच्या जस्तयुक्त औषधांनी उलट वास जाऊ शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये तसा इशारा दिला होता.

दक्षता : स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळतात. या रुग्णांना तेही कळत नाही. एकट्या राहणाऱ्याने गळतीसूचक यंत्र बसवावे, उरलेले अन्न दुसऱ्याकडून तपासून घ्यावे.