बऱ्हाणपूरला जाताना कोणता नकाशा?

जळगाव-धुळ्याहून बऱ्हाणपूरला निघालात, तर महाराष्ट्राचा नकाशा पुरत नाही. तो रावेरच्या पुढे संपतो! बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात, म्हणून महाराष्ट्राच्या पर्यटन-पुस्तकात ते शोधू नका. पण फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी तीच. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि ते राज्य बुडाले. पुढे १६३१ मध्ये मुमताज महल वारली, तीही इथेच.

तेव्हा रस्त्यांसाठी मध्य प्रदेशाचा नकाशा घ्या. इतिहासासाठी मात्र १८८० चे खानदेश गॅझेटियर चाळा. इंग्रजीत आहे, पण फारुकींची हकीकत त्यात मिळते. जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, तो मुलांना जरूर दाखवा. नाहीतर मंडळी, आपल्याच जुन्या राजधानीत आपण परक्यासारखे फिरून येऊ.