जड आयनांचे प्रारण आणि सजीव पेशी

हीलियमपेक्षा जड अणूतील इलेक्ट्रॉन निघून गेले की जो धनभारित कण उरतो, त्याला जड आयन म्हणतात. कार्बन, निऑन, लोह यांचे आयन ही त्याची उदाहरणे. अशा वेगवान कणांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरणांपेक्षा बराच वेगळा असतो.

शोषलेल्या प्रारणाची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. 1 ग्रे म्हणजे दर किलोग्रॅम ऊतीत 1 जूल ऊर्जा. मात्र मात्रा सारखी असली, तरी हानी सारखी होत नाही. क्ष-किरणांची ऊर्जा ऊतीत विखरून पडते, तर जड आयन ती आपल्या अरुंद मार्गावर दाटीने सोडतो. अंगणभर पडणाऱ्या पावसाने माती नुसती भिजते. पागोळीखाली मात्र खळगा पडतो. तसाच हा फरक आहे.

डीएनएची हानी : डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक तुटला, तर पेशी दुसऱ्याच्या आधारे तो दुरुस्त करते. जड आयनामुळे अगदी जवळजवळ अनेक ठिकाणी तुटफूट होते आणि दुरुस्ती अपुरी राहते किंवा चुकते. मग पेशी मरते, किंवा सदोष जनुकांसह जगते. अशी जगलेली पेशी पुढे कर्करोगाचे मूळ ठरू शकते. ऊर्जेची दाटी दर मायक्रोमीटरला सुमारे 100 किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट असताना मारक परिणाम सर्वाधिक असतो. त्यापुढची ऊर्जा आधीच मेलेल्या पेशीत वाया जाते.

उपचारातील उपयोग : आयनाचा वेग मंदावतो तशी ही दाटी वाढते आणि मार्गाच्या शेवटी शिखर गाठते. याला ‘ब्रॅग शिखर’ म्हणतात. हे शिखर गाठीवर आणले की पलीकडच्या निरोगी ऊतींना फार कमी मात्रा मिळते. ऑक्सिजन कमी असलेल्या पेशी क्ष-किरणांना दाद देत नाहीत. जड आयनांपुढे त्यांचे हे संरक्षण बरेच कमी होते. जपानमधील चिबा येथे 1994 पासून कार्बन आयनांनी कर्करोगावर उपचार होत आहेत. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्रात मिळणारा प्रोटॉन उपचार याहून वेगळा आहे. प्रोटॉनलाही ब्रॅग शिखर असते; पण त्याची जैविक परिणामकारकता क्ष-किरणांच्या सुमारे 1.1 पटच धरतात. कार्बन आयनांची परिणामकारकता शिखराजवळ साधारण 2 ते 3 पट असते.

अंतराळातील धोका : दीर्घिकेतून येणाऱ्या विश्वकिरणांत जड आयन जेमतेम 1 टक्का असतात. पृथ्वीवर वातावरण आणि चुंबकीय क्षेत्र आपले रक्षण करतात; मंगळाच्या वाटेवर ही ढाल नसते. अपोलो मोहिमांतील अंतराळवीरांना डोळे मिटल्यावरही प्रकाशाच्या ठिणग्या दिसत. डोळ्यांतून आरपार जाणारे विश्वकिरणांतील कण हे त्याचे कारण मानले जाते. उंदरांवरील प्रयोगांत लोहाच्या आयनांमुळे मोतीबिंदू आणि स्मरणशक्तीतील घट आढळली आहे. यानाच्या भिंती जाड केल्या तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण भिंतीत आयन फुटून नवे कण तयार होतात.

गाठीतील पेशी मारणारा गुणधर्म आणि अंतराळवीराला धोक्यात टाकणारा गुणधर्म एकच आहे. म्हणून जड आयनांच्या बाबतीत केवळ मात्रेचा आकडा पुरेसा नसतो. ती ऊर्जा कोठे व किती दाटीने सोडली गेली, हेही पाहावे लागते.