चेटकीण हें नांव

चेटकीण म्हणून हयात घालविण्याचा संकल्प कोणी केला, तर आमच्याकडे त्यास वेडाचार म्हणतील. विलायतेंत व अमेरिकेंत मात्र आज असे स्त्रीपुरुष आहेत. ते हें नांव उघडपणें लावतात, चंद्रकलेप्रमाणें आपले उत्सव करतात, आणि कायदा त्यांच्या वाटेस जात नाहीं. तेथें जें नांव हौसेचें झालें, तेंच आमच्या महाराष्ट्रांत अद्याप एखाद्या स्त्रीच्या जिवावर कां उठतें, या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत शोधलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

वऱ्हाडाचा कारभार १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांकडे आला. तेथें पुढें कमिशनर झालेले आल्फ्रेड लायल यांनीं १८७० सालीं वऱ्हाडचें गॅझेटियर सिद्ध केलें, आणि १८८२ सालच्या आपल्या ‘एशियाटिक स्टडीज’ या ग्रंथांत चेटकावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलें. त्यांच्या विवेचनाचें सार असें: पुजारी देवाच्या बळावर चमत्कार करतो, तर चेटक्या स्वतःच्या अंगच्या गूढ विद्येवर करतो. भेद मार्मिक आहे. परंतु प्रत्यक्ष गांवांत कोणाची विद्या देवाची आणि कोणाची चेटकाची, हें ठरवितो कोण?

यासाठीं त्याच वऱ्हाडांतील यवतमाळ जिल्ह्याकडे पाहावें. वणी, मारेगांव, केळापूर या भागांत कोलामांची वस्ती आहे. ही जमात लहान व दरिद्री. सरकारनें आदिवासींतहि अतिदुर्बल म्हणून गणलेल्या महाराष्ट्रांतील तीन जमातींपैकीं ती एक. तरी शेजारचे गोंड, ज्यांचीं एके काळीं राज्यें होतीं, आपल्या कांहीं स्थानिक देवतांची पूजा कोलामांवर सोंपवीत आले. पैनगंगेपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यांत १९४० नंतरच्या दशकांत संशोधन केलेले फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनीं नमूद केलें आहे कीं, शकुन पाहण्यांत व देवतांचा कोप शमविण्यांत कोलामांचा हातखंडा मानला जाई, आणि गोंड त्यांना ‘पुजारी’ म्हणूनच ओळखीत. रानाचा जो जुना रहिवासी, त्यास रानाचे देव ओळखतात, असा यामागील हिशेब दिसतो.

येथें अदृश्य शक्तींशीं व्यवहार करणारा मनुष्य आहे; पण त्यास कोणी चेटक्या म्हणत नाहीं. कारण त्याची विद्या चारचौघांच्या देखत चालते. त्याला जमात आहे, देवस्थान आहे, यजमान आहेत.

आतां चेटकीण पाहा. ती बहुधा कोणतीच विद्या करीत नाहीं; तिच्यावर विद्येचा आरोप होतो. घरांत मूल दगावतें, बैल मरतो, ताप हटत नाहीं. मंडळी भगताकडे जातात, तो खूण सांगतो, आणि बोट वळतें तें पुष्कळदां एखाद्या विधवेकडे, निपुत्रिकेकडे, किंवा जिच्या जमिनीच्या तुकड्यावर भाऊबंदांचा डोळा आहे अशा स्त्रीकडे. सातपुड्यांतील भिल्ल तिला डाकीण म्हणतात. तिच्याजवळ ना मंत्र ना देवस्थान. पाठीशीं उभें राहणारें माणूस नाहीं, हाच तिच्याविरुद्धचा पुरावा! लायल यांच्या भेदांत या स्त्रीला जागाच नाहीं.

इंग्लंडांतहि पूर्वीं अशा स्त्रियांना फांशीं देत. १७३५ सालच्या कायद्यानें चेटकाचा गुन्हाच रद्द केला. चेटूक येतें असें सोंग करणारा तेवढा शिक्षेस पात्र ठरला. हा कायदाहि १९५१ सालीं गेला, आणि १९५४ सालीं जेराल्ड गार्डनर यांनीं चेटकविद्येवर आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें. आजचे पुष्कळसे पंथ त्यांच्यापासून निघाले. म्हणजे फांशीचें भय जाऊन दोनशें वर्षें लोटल्यावर तें नांव कोणास भूषण वाटूं लागलें.

महाराष्ट्रांत हें काम फार उशिरां सुरू झालें. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं जादूटोणाविरोधी कायद्यासाठीं वर्षानुवर्षें खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांचा खून झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत वटहुकूम निघाला व डिसेंबरांत कायदा संमत झाला. अमुक मनुष्य करणी करतो असें ठरवून त्याचा छळ करणें हा त्यानें गुन्हा ठरविला; शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. पूजाअर्चेस त्यानें हात लावलेला नाहीं. त्याचा रोख चेटूक खरें कीं खोटें यावर नसून फसवणाऱ्यावर व छळणाऱ्यावर आहे.

परंतु कायदा घडलेल्या गोष्टीमागून येतो. कुजबूज त्याच्या आधीं सुरू होते. ‘कोणी तरी केलें असेल’ हें वाक्य केवळ रानांत बोललें जात नाहीं. आमच्या शिकलेल्या घरांतहि दुखण्याच्या वेळीं तें ऐकूं येतें. तें वाक्य आपल्या उंबऱ्याच्या आंत थांबविणें ज्याच्या त्याच्या हातीं आहे. चेटकीण म्हणून जगण्याचें स्वातंत्र्य ही पुढची गोष्ट. आधीं एकट्या बाईला चेटकीण म्हणवून न घेतां जगतां आलें पाहिजे.