पाजवलेले पाते : ‘अ‍ॅना कॅरेनिना’तील गवतकापणीचा इतिहास

‘अ‍ॅना कॅरेनिना’च्या तिसऱ्या भागात लेव्हिन हा जमीनदार शेतकऱ्यांच्या रांगेत उभा राहून दिवसभर गवत कापतो. हा प्रसंग शिकवताना ‘श्रमातील आत्मविस्मृती’ असे एक सूत्र सांगितले जाते आणि आपण पुढच्या प्रकरणाकडे वळतो. आम्हीही तो दीर्घकाळ तसाच वाचला. सूत्र चुकीचे नाही. परंतु त्यात न मावणारा बराच इतिहास त्या कुरणात पडलेला आहे. रशियातील भूदासप्रथा १८६१ साली कायद्याने संपली. कादंबरी १८७५ ते १८७७ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. मालकाकडे उरलेली जमीन आणि बंधमुक्त झालेला शेतकरी यांचे नवे नाते कसे जुळवावे, हा लेव्हिनला सतत छळणारा प्रश्न आहे.

आपल्याकडे पाऊस सरल्यावर गवत पिकते, म्हणून कापणीला उघडीप मिळण्याची आशा असते. मध्य रशियात मात्र कापणी ऐन उन्हाळ्यात, जुन्या पंचांगाप्रमाणे २९ जूनला येणाऱ्या संत पीटरच्या सणाच्या आसपास सुरू होई; आणि तिथला उन्हाळा सरींचाही असतो. हिरव्या गवतात सुमारे पाऊण हिस्सा पाणी असते. ते एकपंचमांशापर्यंत उतरल्याशिवाय गवताची गंजी रचता येत नाही. ओल राहिली तर गंजी आतून तापते, कुजते, प्रसंगी पेटही घेते. लांबलचक हिवाळ्यात जनावरे जगवायची ती याच गंजीवर. त्यामुळे आकाशाकडे पाहणे हा तिथे काव्यविषय होण्याआधी पोटापाण्याचा विषय होता.

आणि अवजाराकडे पाहणे हाही. रशियन शेतकऱ्याचा गवत कापण्याचा विळा आपल्या विळ्यासारखा बसून चालवायचा नव्हे. तो लांब दांड्याचा, दोन्ही हातांनी, उभ्याने फिरवायचा. त्याचे पाते आधी लहान ऐरणीवर थंडच ठोकून धारेपाशी पातळ करावे लागते आणि कुरणात थोड्याथोड्या वेळाने दगडावर पाजवावे लागते. आदल्या दिवशी लेव्हिन आपला विळा तीत या शेतकऱ्याकडे अशा तयारीसाठीच पाठवतो. सकाळी तो परत देताना तीत हसून सांगतो, की पाते वस्तऱ्यासारखे झाले आहे, आपोआप कापील. पुढच्या प्रकरणात लेव्हिनला खरोखरच वाटू लागते, की आपण विळा चालवत नसून विळाच आपल्याला चालवतो आहे. ज्या अनुभूतीला आपण गूढ म्हणतो, तिची पूर्वसूचना कारागिराने अवजार हाती देतानाच दिलेली आहे. लेव्हिनची तंद्री तीतच्या हातोडीवर उभी आहे, हे वाचताना आपल्या नजरेतून निसटते.

पावसाचेही तसेच. आपला हवामानाचा अंदाज चुकला, आता गवत भिजणार, अशी चिंता लेव्हिन बोलून दाखवतो. म्हातारा शेतकरी त्याला समजावतो, की कापायला पाऊस चालतो. उघडीप लागते ती गवत गोळा करायला. यात भाबडा आशावाद नाही. ओले गवत पात्याला सहज कापले जाते आणि ताज्या कापलेल्या गवताचे सरीने फारसे बिघडत नाही. घात होतो तो अर्धवट वाळलेले गवत भिजले तर. मालकाची चिंता आणि मजुराचे ज्ञान यांतील अंतर टॉलस्टॉय एका साध्या संवादातून दाखवून देतात.

हिशेबही तिथेच आहे. वेठीच्या काळात तीस विळ्यांना दोन दिवस लागत, ते मोठे कुरण आता बेचाळीस माणसांनी दिवस सरण्याआधीच जवळजवळ संपवले. साठ दिवसांच्या कामाच्या जागी बेचाळीस दिवसांचेही काम लागले नाही.

मात्र यावरून स्वातंत्र्याने सारे सुरळीत झाले, असा निष्कर्ष टॉलस्टॉय काढू देत नाहीत. वसंतात लेव्हिनला कळते, की हिवाळ्यात दुरुस्त व्हायची म्हणून ज्यांच्यासाठी तीन सुतार ठेवले होते, ती अवजारे अजून तशीच आहेत. गवत उलटण्यासाठी पाठवलेले यंत्र तर पहिल्याच ओळींत मोडते. कारण डोक्यावर फिरणाऱ्या पात्यांखाली नुसते बसून राहण्याचा शेतकऱ्याला कंटाळा येतो. लांब दांड्याचा विळा शेतकऱ्याचा होता. हातोडी, दगड आणि पाऊस यांविषयीचे ज्ञानही त्याचेच होते. यंत्र मात्र मालकाचे होते. सुधारणेमागचा विचार एकट्या मालकाचा असेल, तर अवजार निगराणीवाचून मोडते, हे लेव्हिनला उमगते. आणि नफ्यात मजुरांना भागीदार करण्याची त्याची पुढची योजना याच जाणिवेतून येते.

स्वतः टॉलस्टॉय यास्नाया पोल्यानात शेतकऱ्यांबरोबर गवत कापत. म्हणूनच धार लावायच्या दगडाच्या पत्र्याच्या डबीतून म्हाताऱ्याने पाजलेल्या पाण्याला गंजाची चव होती, हे त्यांना ठाऊक असावे. लेव्हिनला ते पाणी अमृतासारखे लागते. आपण अमृत तेवढे लक्षात ठेवतो आणि गंज विसरतो. तो विसर न पडू देणे हे अध्यापकाचे काम आहे, असे आम्हांला वाटते.