‘ठाणे’ नावाचे १२ बाइट

मंडळी, आज आपण एका लहानशा सेटिंगचा इतिहास पाहू. समजा, ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांवरच्या टिपणांच्या आपण तीन फाइली केल्या, त्यांना देवनागरीत नावं दिली आणि त्या गिटमध्ये ठेवल्या. गिट म्हणजे फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी व्यवस्था. आता काय बदललं असं विचारलं, की फाइलीच्या आतलं मराठी नीट दिसतं, नाव मात्र दिसत नाही. ‘ठाणे’च्या जागी ३४०, २४४, २४० अशी आकड्यांची माळ उमटते.

हे का होतं? यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. ठ, काना, ण, मात्रा अशी ४ चिन्हं, म्हणजे १२ बाइट. ‘डोंबिवली’चे २४. गिट यातला एकेक बाइट उलटी तिरकी रेघ आणि अष्टमान पद्धतीचे तीन आकडे असा लिहितं. म्हणजे एका ‘डोंबिवली’साठी ९६ खुणा!

याचं मूळ २००५ मध्ये आहे. त्या एप्रिलमध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहिलं, आणि जुलैपासून जुनिओ हमानो ते सांभाळू लागले. तेव्हा एका कमांडचं उत्तर दुसरी स्क्रिप्ट ओळीओळीने वाचत असे. नावातच टॅब किंवा नवी ओळ आली तर स्क्रिप्ट फसणार. म्हणून अशी चिन्हं उलट्या तिरक्या रेघेच्या खुणेने लिहायची ठरली. ते रास्तच होतं. पण त्याच चाळणीत इंग्रजीबाहेरची सगळी अक्षरंही अडकली.

जून २००७ मध्ये हमानो यांनीच ‘कोअर डॉट कोटपाथ’ हे सेटिंग आणलं. त्या बदलाच्या नोंदीत त्यांनी मोकळेपणाने लिहिलं, की आजवर ही अक्षरं अडवली ती थोडी आळसापोटी, थोडी सावधगिरीपोटी. सेटिंग ‘फॉल्स’ केलं, की ठाणे ‘ठाणे’ म्हणूनच दिसतं. टॅब, अवतरणचिन्हं वगैरे मात्र पूर्वीसारखीच बंदिस्त राहतात.

आता खरा पेच पाहा. गिटमध्ये माणसांसाठीच्या कमांडना ‘पोर्सिलेन’ म्हणतात आणि स्क्रिप्टसाठीच्या कमांडना ‘प्लंबिंग’. रंगासारखी वैयक्तिक आवड प्लंबिंगने मानायची नाही, असा संकेत आहे; नाहीतर एकाच्या यंत्रावर चालणारी स्क्रिप्ट दुसऱ्याकडे मोडते. कोटपाथ मात्र दोन्हीकडे मानलं जातं. ज्या स्क्रिप्टला खात्री हवी, तिने ‘झेड’ हा पर्याय द्यायचा. मग नावं जशीच्या तशी येतात आणि प्रत्येकापुढे शून्य बाइट येतो.

म्हणजे सोय २००७ पासून आहे. पण मूळ सेटिंग ‘ट्रू’च राहिलं, जुन्या स्क्रिप्ट मोडू नयेत म्हणून ते सोयीचंही आहे. त्याची किंमत मात्र देवनागरीत नाव देणारा मोजतो. त्याला वाटतं आपलंच काही चुकलं, आणि तो फाइलीचं नाव रोमन लिपीत बदलून टाकतो. कमांड आपलं सेटिंग मानते. पण ते सेटिंग आहे, हे आपल्याला आधी कोणीतरी सांगावं लागतं. आज आपण ते एकमेकांना सांगितलं. घरी गेल्यावर एकदा करून पाहा.